नवल सरांच्या नाकातली वाळी

उजव्या नाकपुडीवर बोट ठेवून बोलायची नवलची सवय शाळेत सगळ्यांना पाठ होती. मुलांना वाटायचं, सर खोल विचारात आहेत. कसला विचार नि कसलं काय, सर आपले भोक झाकत असत. भोक तरी कुठलं, बुजून राहिलेला मोहरीएवढा खड्डा. पण भडगावला लहानपणी याच जागी सोन्याची वाळी होती आणि पोरांनी त्याचा 'नथ्या' करून टाकला होता. चौथीत त्यानं रडून-ओरडून वाळी काढायला लावली. वाळी निघाली, नाव मात्र कॉलेजात जळगावला येईपर्यंत चिकटून राहिलं.

त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून त्याच्या आईनं, भिकुबाईनं, देवीला नवस बोलून त्याचं नाक टोचलं. मुलगी समजून काळानं पुढं जावं, अशी त्यामागची युक्ती. मुलीला न्यायला काळसुद्धा येत नाही, असं समजणारे शहाणे तेव्हा गावोगाव होते.

आता नवलचा स्वतःचा मुलगा पाच महिन्यांचा झाला होता, आणि नाक टोचायचा हट्ट धरला होता त्याच्या बायकोनं. रूपा धुळ्याची, शिकलेली, जळगावात पिंप्राळ्यातल्या औषधाच्या दुकानात कामाला. तिच्याकडून ही अपेक्षा नवलनं स्वप्नातही केली नव्हती.

"तू औषधं विकतेस, रूपा. आणि नवस?"

"औषधानं काय काय होत नाही, तेही तिथंच कळतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही जगलात ना? मी तुमच्याकडे बघूनच बोलले देवीला."

एक गोष्ट नवलच्या जिभेवर आली होती. आपली पहिली तर मुलगीच होती, काळानं तिला तरी कुठं सोडलं? पण ते त्यानं गिळून टाकलं. दीड महिन्याची ती पोर झोपेतच गेली होती आणि तेव्हापासून रूपाची झोप उडाली होती. आताही बाळ निजलं की ती दर थोड्या वेळानं त्याच्या नाकाखाली बोट धरायची. उबदार वारा बोटाला लागला की हात काढायची. पुन्हा थोड्या वेळानं तेच. नवल त्या वेळी पेपरात डोकं घालून बसायचा, काही पाहिलंच नाही असं दाखवत.

थंडीत एका रविवारी तिघं एस.टी.नं भडगावला गेले. रूपानं तयारी अशी केली होती की जणू ऑपरेशनच आहे. हातमोजे, स्पिरिट, सीलबंद सुई, कापूस, आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याची बाटली. नवलचा सगळा भरवसा आता आईवर होता. म्हातारी एक शब्द बोलली असती तर रूपानं ऐकलं असतं. घरी पोचताच त्यानं आईला चुलीपाशी गाठलं.

"माय, तूच सांग ना तिले. नको म्हन."

भिकुबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मी कशी सांगू? तू वाळीमुये जगना का नशिबमुये, ते माले आजूक म्हाईत नही. पन वाळी व्हती म्हनीसन माले झोप लागे."

बोलून झाल्यावर तिनं हात पुसले, फळीवरच्या डबीतून कापसात गुंडाळलेली ती जुनी वाळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. इतकी हलकी होती की हातावर काही आहे हेच कळेना. नवल मग न जेवताच उठला. भरीत तसंच ताटात राहिलं.

दुपारी सगळे रुपचंद सोनाराच्या दुकानी गेले. त्यानंच नवलचं नाक टोचलं होतं. आता त्याचे केस पांढरे झाले होते, पण हात स्थिर होता. रूपानं त्याला आधी साबणानं हात धुवायला लावले, मोजे घालायला लावले, वाळी स्पिरिटमध्ये बुडवून ठेवली. म्हातारा निमूटपणे सांगेल ते करत गेला. मग ती बाळाला मांडीवर घेऊन बसली. त्याचं डोकं तिनं दोन्ही हातांत नीट धरलं. रुपचंदनं सुई उचलली, आणि रूपाचा एक हात सुटून आपोआप बाळाच्या तोंडावर आला.

"हात काढ, बेटा," रुपचंद म्हणाला.

तिनं काढला. सुई जवळ आली, हात पुन्हा तिथंच. तिसऱ्या वेळी ती रडायलाच लागली. टोचवत नव्हतं आणि न टोचता घरी जायचीही छाती होत नव्हती. बाळ मात्र तिची बोटं चोखत मजेत होतं.

नवलनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला फार वाईट वाटलं. आई झोपू शकली होती. ही कधी झोपणार? तो उठला आणि सोनारासमोर मांडी घालून बसला.

"माझं टोचा."

"अहो, काहीतरीच काय!" रूपा म्हणाली. "नवस बाळाचा आहे."

भिकुबाई दारात बसली होती. ती तिथूनच बोलली, "नाक आपल्याच घरनं शे ना? मंग देवी कशाले रागावई?"

रुपचंदनं त्याची नाकपुडी चिमटीत धरून पाहिली. "मास्तर, कातडं निबर व्हयी गयं. दुखई बरं. खाईसन उनात ना?"

नवल "हो, जेवून आलोय" म्हणाला. तो खोटं बोलला हे सुई आरपार गेल्यावर सगळ्यांना कळलं. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो सोनाराच्या गादीवर आडवा झाला. भिकुबाईनं तोंडात गुळाचा खडा घातला. शुद्धीवर येतो तो रूपा कापसानं नाक पुसत होती आणि घरून आणलेली हळदीच्या तेलाची वाटी पुढं करणाऱ्या सासूला थोपवत होती. "नको आई, तेल लावलं की जखम चिकट राहते. नुसतं मिठाचं पाणी." भिकुबाईनं मग आणलंच आहे तर म्हणून ते तेल स्वतःच्या गुडघ्याला चोळून टाकलं.

जळगावला परतल्यावर रूपानं नवलचा ताबाच घेतला. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याचा कापूस, रोज धुतलेला अभ्रा, वाळी फिरवायची नाही, खपली काढायची नाही, बाळाला उजव्या बाजूला घ्यायचं नाही.

"आणि हात लावायचा नाही. काही झालं तरी."

ही शेवटची अट जड गेली. सोमवारी तो वर्गात शिरला तशी मागच्या बाकांवर खसखस पिकली. त्याचं बोट उठलं, अर्ध्यावर आलं आणि थांबलं. नवलला चौथीतला नथ्या आठवला. त्यानं हात खाली घेतला आणि खडू उचलला.

"सर, नाकात काय?" एका मुलीनं विचारलंच.

"वाळी. घरचा नवस आहे. जखम ओली आहे, म्हणून हात लावायचा नाही," तो म्हणाला आणि फळ्याकडे वळला. दोन-चार दिवस पोरं हसली, मग त्यांना दुसरा विषय मिळाला. इतकं सोपं होतं, याचा नवलला रागच आला.

जखम भरत आली तेव्हाची गोष्ट. दुपारी तो शाळेतून आला तर घरात चिडीचूप. रूपा बाळाशेजारी झोपली होती. डुलकी नव्हे, चांगली गाढ, तोंड किंचित उघडं ठेवून. बाळही निजलं होतं. फारच शांत निजलं होतं.

नवल उभा राहून बघत होता. दुपट्याची हालचाल दिसेना. तो भिंतीला धरून वाकला आणि बाळाच्या नाकाखाली बोट धरलं. काहीच लागेना. मग लागला, उबदार, बारीकसा वारा. इतके महिने पेपरात डोकं घालून आपण रूपाच्या बोटाकडेच बघत होतो, ती हात काढेपर्यंत आपलाही श्वास अडकलेला असायचा, हे त्याला तेव्हा कळलं.

रूपानं डोळे उघडले नाहीत.

"चालू आहे ना?" तिनं झोपेतच विचारलं.

"चालू आहे. तू झोप."

ती कुशीवर वळली आणि झोपली. नवल बोट तसंच धरून बसून राहिला.