एकशे बारा खण

मी एक जुनं कपाट आहे. पण मित्रांनो, हळहळायला आला असाल तर दुसरं कपाट शोधा. मी अजून नोकरीवर आहे.

एका लहान गावातल्या लोखंडी सामानाच्या दुकानात, मागच्या भिंतीला पाठ लावून मी उभा आहे. मला एकशे बारा खण आहेत. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, नळाचे वायसर, सगळं माझ्या पोटात. दुकान चालवणाऱ्या घराची ही तिसरी पिढी. तिन्ही पिढ्यांच्या बोटांचे काळे डाग माझ्या अंगावर आहेत आणि ते मी मिरवतो.

थोरल्या मालकांनी मला दुकानातच बनवून घेतलं. ते मापाला फार काटेकोर. भिंत त्यांनी तीनदा मोजली, एकेक खण मोजला. पॉलिश करायला मला अंगणात न्यायचं ठरलं, तेव्हा कळलं की मी दारापेक्षा हातभर रुंद आहे. दार मोजायचं राहूनच गेलं होतं! मालकीणबाई पोट धरून हसल्या.

"दुकानात पन्नास टेप लटकतायत, आणि दाराला एकही लावली नाही!"

मालक गोरेमोरे झाले. मग म्हणाले, "बरंच झालं. आता हे कुठे जात नाही."

त्यांचा चिठ्ठ्यांवर विश्वास नव्हता. नाव चुकतं, वस्तू चुकत नाही, असं ते म्हणत. म्हणून प्रत्येक खणाच्या तोंडावर त्यांनी आतल्या मालाचा एकेक नमुना पक्का बसवला. खिळ्यांच्या खणावर खिळा, कडीच्या खणावर कडी. आणि दुकानाचा नियम असा, की गिऱ्हाइकाला एकच स्क्रू हवा असेल तर एकच द्यायचा, तोंड वाकडं न करता.

त्यांच्यामागे मुलगा गल्ल्यावर बसला. तो अकाली गेला, तेव्हा त्याची बायको उभी राहिली. गावात कुजबुज झाली, की बाईमाणसाला नट कुठला आणि बोल्ट कुठला हे तरी कळणार का? सहा महिन्यांत तीच बाई कुजबुजणाऱ्यांना स्क्रूचे आटे मोजायला शिकवत होती. सारं गाव तिला वहिनी म्हणू लागलं. मला तर त्या वेळी छाती असती तर फुगली असती.

मग मोठ्या रस्त्यावर एक काचेचं भलंमोठं दुकान आलं. तिथे एका स्क्रूसाठी पन्नासांचं पाकीट घ्यावं लागतं, तरी लोक जाऊ लागले. वहिनींचा मुलगा धास्तावला. पोरगा वाईट नाही, पण घाबरलेल्या माणसाला आधी जुनं सामान खुपतं.

"आई, आपणही काचेच्या फळ्या लावू. पाकिटं, छापील चिठ्ठ्या. हे धूड काढून टाकू."

"कपाट राहील," वहिनी म्हणाल्या.

"पण का?"

वहिनींनी कारण सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं. दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं पांढुरकं झालं होतं. चिठ्ठी असती तर वाचता आली नसती. त्या माझ्या नमुन्यांवरून बोटं फिरवायच्या आणि नेमका खण उघडायच्या. मी कुणाला बोललो नाही. गोष्टी पोटात ठेवण्यातच माझा जन्म गेला आहे.

शेवटी मुलाने हट्टाने सुतार बोलावला. दारातून निघत नाही म्हणजे मला कापून दोन तुकडे करणं आलं. सुतार करवतीला धार लावत बसला. वहिनी गल्ल्यावर गिऱ्हाइकांत गुंतल्या होत्या, तेवढ्यात मुलाने डावीकडच्या पहिल्या रांगेतले नमुने काढून डब्यात टाकले. मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला.

तेवढ्यात नळ दुरुस्त करणारा धावत आला. "वहिनी, शाळेच्या टाकीचा नळ गळतोय. अर्ध्या इंचाचा वायसर द्या लवकर!"

वहिनींचा हात सवयीने पहिल्या रांगेकडे गेला. बोटांना नुसती भोकं लागली. त्या चाचपडल्या, मग अंदाजाने एक खण ओढला आणि मूठ त्याच्यापुढे धरली.

"वहिनी, हे बिजागरीचे स्क्रू आहेत."

मुलगा आईकडे बघतच राहिला. त्याने नव्या फळ्यांसाठी आणलेली एक छापील चिठ्ठी तिच्यासमोर धरली. "आई, यावर काय लिहिलंय?"

"चष्मा घरी राहिला."

"तू चष्मा लावतेस कधी?"

वहिनींनी मान ताठ केली. "दोन वर्षं झाली. नीट दिसत नाही. सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस, आणि मी बसणार नाही. या कपाटावर हात ठेवला की मला सगळं दुकान दिसतं. आण ते नमुने इकडे."

मुलाने डबा पुढे केला. वहिनींनी एकेका खणात हात घालून वायसर चाचपून ओळखला, "चौथा खण," म्हणाल्या, आणि नळवाल्याला वाटेला लावलं. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक नमुना जागेवर बसवत गेल्या.

"मग करवतीचं काय करू?" सुताराने विचारलं.

"म्यान करा," मुलगा म्हणाला. "फळ्या समोरच्या भिंतीला लावू. आणि प्रत्येक फळीला नमुना बसवा. आई, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं."

"जाऊ. दुकान बंद झाल्यावर."

ऑपरेशन झालं. वहिनींना आता चिठ्ठ्याही वाचता येतात, पण त्या वाचत नाहीत. आणि एक स्क्रू मागायला आलेला माणूस आमच्याकडून अजूनही एकच स्क्रू घेऊन जातो.

मित्रांनो, घरातलं जुनं काही काढायला निघालात तर आधी त्यावरून हात फिरवा. कदाचित कुणाचा तरी हात रोज तिथे टेकत असेल आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल. एवढं करूनही तुम्हाला मला काढावंसं वाटलं, तर खुशाल या. येताना दार तेवढं मोजून या.