माईक बंद असलेली सोबतीण

सात नंबरच्या टेबलावर एक पाहुणा एकटाच बसला होता, म्हणून वहिनींनी त्याच्यासमोर स्वतःला बसवलं. म्हणजे पडद्यावर माऊसनं आपलाच व्हिडिओचा चौकोन उचलला आणि त्याच्या चौकोनाशेजारी सोडला. चौकोनातल्या वहिनी हसल्या, त्यांनी मान हलवली. खाली लाल खूण होती: माईक बंद. पाहुण्याला तेवढंच हवं होतं. तो लगेच स्वतःबद्दल बोलू लागला.

कंपनीची जागा दोन खोल्यांची आणि धंदा हजारो माणसांचा. मोठमोठी संमेलनं पडद्यावर भरवायची आणि मधल्या सुट्टीत माणसांना सहा-सहाच्या टेबलांवर बसवून गप्पा मारू द्यायच्या. पण गप्पांना माणसं येत नाहीत, आली तर एकटी पडतात, आणि एकटा पडलेला पाहुणा पुन्हा फिरकत नाही. यावर मालकांनी, म्हणजे वहिनींच्या दिरांनी, एक तोड काढली होती. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी ऑफिसातल्या सातही जणांना पांढऱ्या भिंतीसमोर बसवलं आणि प्रत्येकाला चाळीस मिनिटं नुसती मान हलवायला लावली. त्या रेकॉर्डिंगना ऑफिसात ‘सोबती’ म्हणत. ऑफिसबाहेर कोणी काहीच म्हणत नसे.

कोणत्या सोबत्यासमोर पाहुणा किती वेळ टिकतो, याची नोंद वहिनी ठेवत. दिरांसमोर चाळीस सेकंद. हिशेबनिसांसमोर दीड मिनिट, तेही रेकॉर्डिंग करताना त्यांचा डोळा लागला होता त्या भागात. वहिनींसमोर सरासरी अकरा मिनिटं.

“वहिनी, तुम्ही न बोलता जे करता, ते आम्हाला बोलून जमत नाही. दादा नशीबवान.”

“तुमच्या दादांसमोर मी बोलते, भाऊजी. म्हणून तर ते टिकत नाहीत.”

सात नंबरच्या या पाहुण्याच्या वेळी मात्र वहिनींनी नोंदवही उघडलीच नव्हती. अकरा दिवसांपूर्वी आंघोळ करताना त्यांच्या बोटांना डाव्या स्तनात एक गाठ लागली होती. वाटाण्याएवढी. घरात त्या बोलल्या नाहीत. एकदा बहिणीला फोन लावला, भाचीच्या परीक्षेची चौकशी केली आणि ठेवून दिला. शनिवारी बारा हजार माणसांचं संमेलन होतं, कंपनीचं आजवरचं सगळ्यात मोठं. ते पार पडलं की बघू, असं त्या रोज सकाळी स्वतःला बजावत आणि साबण लावताना तेवढी जागा सोडून देत.

शनिवारी नऊ वाजता, उद्घाटनाला तासभर असताना, एक बाई धापा टाकत जिना चढून आली. पन्नाशीची, खांद्याला कापडी पिशवी, एक हात अंगाशी जपून धरलेला. वहिनींना पाहताच तिचा चेहरा उजळला.

“सापडलात एकदाच्या! मी भूगोलवाली. शिक्षकांच्या संमेलनात आपण एका टेबलावर होतो.”

दिरांनी प्रिंटरच्या आडून डोळ्यांनी खूण केली: सांभाळून घ्या.

“बसा ना,” वहिनी म्हणाल्या.

“बसते. आभार मानायला आले. काल टाके काढले माझे. वेळेत आलात म्हणाले डॉक्टर. तुम्ही नसतात तर मी गेलेच नसते हो. लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं मी.”

“मी काय केलं?”

“तुम्ही आधी तुमचं सांगितलंत. डावीकडे गाठ, वाटाण्याएवढी. म्हटलं, ही परकी बाई मला एवढं सांगतेय आणि मी घरच्यांपासून लपवत बसलेय.”

प्रिंटर कागद ओढत राहिला. वहिनींनी नोंदवही पुढे घेतली. शिक्षकांचं संमेलन, चार नंबरचं टेबल, पाहुणी एक, सोबती एक: वहिनी. बसल्याचा वेळ पूर्ण चाळीस मिनिटं. इतकं कोणीच कधी टिकलं नव्हतं. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. तारीख महिन्यापूर्वीची होती. तेव्हा ती गाठ त्यांना लागलीही नव्हती.

“तारीख हीच ना?”

“हीच. माझ्या लेकीचा वाढदिवस होता त्या दिवशी.”

आता खरं सांगितलं आणि सोबत्यांची गोष्ट बाहेर फुटली तर बारा हजार माणसांचं संमेलन हातचं जाणार, हे वहिनींना कळत होतं. दिरांनाही कळत होतं, कारण ते दोन पावलं पुढे आले होते. तरी वहिनींनी वही मिटली.

“ताई, ती मी नव्हते. ते रेकॉर्डिंग आहे. दोन वर्षांपूर्वीचं. त्याला आवाजच नाही.”

दिरांनी डोळे मिटून घेतले.

बाईंना मात्र ना राग आला, ना नवल वाटलं. शेजारणीनं परत केलेली वाटी घ्यावी तितक्या सहज त्या म्हणाल्या,

“हो, भेटल्यावर तुम्ही असंच म्हणाल, हेही सांगितलं होतंत. आणि शनिवारच्या आत काही जाणार नाही म्हणाला होतात, म्हणून मुद्दाम आज आले.” त्यांनी वहिनींकडे नीट निरखून पाहिलं. “गेला नाहीत ना?”

“कुठे जायचं होतं?” दिरांनी विचारलं. “वहिनी, कसली गाठ?”

टेबलावरच्या पडद्यावर पाहुणे येऊ लागले होते. चारशे, साडेचारशे, पाचशे दहा. वहिनींनी खुर्ची मागे सारली.

“भाऊजी, आज टेबलं तुम्ही लावा.”

“मी? अहो वहिनी, बारा हजार माणसं येतायत!”

“येऊ देत,” वहिनी म्हणाल्या आणि टेबलाखाली वाकून पर्स शोधू लागल्या. “ताई, ते तुमचे डॉक्टर शनिवारी किती वाजेपर्यंत असतात?”