पोचलो कधी म्हणायचं

मुख्यालयातून आलेल्या तक्त्यात खाडी केंद्र सगळ्यांत खाली होतं. अंधेरी ते बोरिवली आणि पलीकडे घाटकोपर ते मुलुंड, उपनगरांत जेवढी म्हणून अग्निशमन केंद्रं होती त्या सगळ्यांच्या खाली. हेमांगीने कागद उलटा धरून पाहिला, तेव्हा कुठे आपलं केंद्र वर दिसलं. मग तिला असा संताप आला की चहा तसाच टाकून ती बाहेर गेली आणि बंबाच्या टायरला तिने एक सणसणीत लाथ घातली.

"टायरने काय केलं, मॅडम?" भीमराजने विचारलं. तो या बंबाचा ड्रायव्हर, हेमांगी शाळेत होती तेव्हापासूनचा.

"वाट लागली, दादा. गाडी नेणार आपली."

वर्सोव्याच्या कोळीवाड्याला चिकटून उभं असलेलं हे केंद्र म्हणजे एक बंब, मूठभर माणसं आणि केंद्र अधिकारी म्हणून हेमांगी. फोन आल्यापासून गाडी पोचेपर्यंत किती मिनिटं जातात, यावर सगळ्या केंद्रांची परीक्षा चालू होती. जे शेवटी राहील त्याचा बंब उचलून नव्या टॉवरांच्या बाजूला द्यायचा, असं वर घाटत होतं. मग कोळीवाड्यात आग लागली तर बंब यायचा मोठ्या रस्त्यापलीकडून, सिग्नल, बाजार आणि उलट्या घुसलेल्या रिक्षा यांच्यातून वाट काढत. तोवर जे काही उरेल ते कोळणींनी टोपलीत भरून न्यावं, दुसरं काय! हेमांगी याच कोळीवाड्याची मुलगी. तिची आई, काका, आत्या सगळी इथल्याच गल्ल्यांत राहत होती. गाडी गेली तर उद्या कुणाला तोंड दाखवायचं, हे तिला कळेना.

शेवटची संधी म्हणून मुख्यालयाने एक आठवडा दिला आणि मोजायला माणूस पाठवला. हा सर्वेश. मुलुंडचा, काटकुळा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. केंद्रातल्या मंडळींनी त्याला पहिल्या दिवशी शत्रूसारखाच चहा दिला, म्हणजे साखर विसरून. पण गडी वेगळाच निघाला. घंटा वाजली की तो सगळ्यांच्या आधी बंबात चढून बसायचा आणि गाडी सुटली की लग्नाच्या वरातीत बसल्यासारखा खूश व्हायचा.

कौतुक वाटावं असंच होतं म्हणा. चपला जागेवर, बूट पायांत, बटणं गाडीत. भीमराजने भोंगा दिला की कोळीवाड्यातली गल्ली हलायला लागायची. रस्त्याच्या निम्म्या भागात ताडपत्रीवर जवळा वाळत घातलेला असे. बायका चार कोपऱ्यांना धरून ताडपत्री एका झटक्यात बाजूला घ्यायच्या. जाळी विणणारे जाळ्यासकट भिंतीला चिकटायचे. कुणी स्कूटर उचलायचं, कुणी बर्फाची हातगाडी ढकलायचं, आणि बंब मंदिराच्या चौकापर्यंत सुसाट जायचा. चौकाच्या पुढे गल्ल्या इतक्या अरुंद की दोन कोळणी टोपल्या घेऊन समोरासमोर आल्या तर एकीला मागे व्हावं लागतं. तिथून पुढे होजपाइप खांद्यावर घेऊन पळायचं.

तिसऱ्या कॉलवरून परतताना सर्वेश बंबात उभाच राहिला आणि त्याचं डोकं छताला आपटलं.

"मॅडम, तुम्ही शेवटचे नाहीच आहात!"

"काय?"

"चाक चौकात थांबलं तेव्हा मी माझ्या घड्याळात बघितलं होतं. कंट्रोल रूमकडे तुमची वेळ त्याच्यानंतर कितीतरी मिनिटांनी लागली आहे. तुम्ही वायरलेसवर 'पोचलो' कधी बोलता?"

"पाणी सुटल्यावर," हेमांगी म्हणाली. "तेव्हाच बोलतात ना?"

"कोण बोलतं? अहो, सगळे चाक थांबलं की बोलतात!"

विकी, त्यांच्यातला सगळ्यांत तगडा फायरमन, मागून म्हणाला, "म्हणजे आपणच आपला निकाल लावला? एवढी वर्षं?"

हेमांगीची पहिली नेमणूक इथलीच. सगळीकडे असंच चालतं, असं ती धरून बसली होती. भीमराज मात्र गाडी चालवता चालवता खाकरला. त्याला ठाऊक होतं, आणि त्याने ते सांगितलं.

ती गोष्ट हेमांगीच्या लहानपणची. तिची आत्या, अंजनाबाई, गल्लीच्या पार टोकाला राहायची. तिच्या घराला आग लागली तेव्हा आख्खी गल्ली बादल्या घेऊन उभी राहिली होती. बंब चौकात आला आणि तेव्हाच्या साहेबांनी वायरलेसवर सांगून टाकलं, पोचलो. आगीची खबर देणारा माणूस अजून फोनवर होता, त्याला कंट्रोलने कळवलं की बंब पोचला. लोकांनी बादल्या खाली ठेवल्या, वाट मोकळी केली आणि चौकाकडे बघत राहिले. चौकात अजून होजपाइप जोडले जात होते. तेवढ्यात घर बसलं. माणसं बाहेर होती म्हणून वाचली, पण जाळी, भांडी, लग्नातलं लुगडं, सगळ्याची राख झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई टोपलीभर राख घेऊन केंद्रात आली आणि साहेबांच्या टेबलावर तिने ती पालथी केली. "पोचला म्हनतस ना? मंग पानी कुठं हाय?" एवढंच विचारलं तिने. त्या दिवसापासून खाडी केंद्रात नियम झाला की पाणी सुटल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढायचा नाही. तो कुणी कुठे लिहिला नाही. जुन्याने नव्याला सांगितला, एवढंच.

हेमांगीला राखेची ती टोपली आठवत होती. नियम तिथून आला, हे मात्र तिला आज कळलं.

"झकास गोष्ट आहे," सर्वेश म्हणाला, आणि ती चेष्टा नव्हती. "पण उद्या मीटिंग आहे. तिथे गोष्टी ऐकत नाहीत, कंट्रोलच्या नोंदीतला आकडा बघतात. मॅडम, पुढच्या कॉलला चाक थांबलं की बोला. एक चांगला आकडा द्या मला. बाकीचं मी भांडतो. गाडी राहील."

हेमांगीने विचार केला, आणि फार वेळ केला असंही नाही. गाडी राहणं महत्त्वाचं. एक शब्द चार मिनिटं आधी बोलल्याने कुणाचं काय जातंय? बाकी सगळी केंद्रं बोलतातच की.

"ठरलं," ती म्हणाली. "आजपासून चाक थांबलं की पोचलो."

विकीने शिट्टी मारली. भीमराजने आरशातून एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं हेमांगीला संध्याकाळपर्यंत टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मीटिंगला निघायच्या तयारीत सर्वेश बुटाची नाडी बांधत होता, तोच घंटा झाली. कोळीवाडा, शेवटची गल्ली, जाळ्यांची खोली पेटली आहे, वरच्या मजल्यावर बाई अडकली आहे!

"प्रेमाकाकीचं घर!" हेमांगी ओरडली. प्रेमाकाकीच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. तिला बिछान्यावरून उठवायला दोन माणसं लागत.

बंब सुटला. सर्वेश एक बूट घातलेला, दुसरा हातात, तसाच चढला. भोंगा, ताडपत्र्या, हातगाड्या, "सरका रे, सरका!" एका कोळणीने वाळत टांगलेल्या बोंबलांची आख्खी वलांड बांबूसकट उचलून भिंतीला टेकवली आणि वर भीमराजला ओरडली, "हलू नको चालवू, मेल्या, पलव!" भीमराजने पळवली. मंदिराचा चौक आला, चाक थांबलं, आणि विकी होजपाइप घेऊन खाली उडी मारूनही गेला.

हेमांगीने माइक उचलला. सर्वेशचा अंगठा स्टॉपवॉचवर होता. त्याने मान हलवली, बोला.

"कंट्रोल, खाडी केंद्र..." ती म्हणाली, आणि तिची नजर समोरच्या गल्लीत गेली.

गल्लीच्या टोकाला काळा धूर होता. धुरापर्यंत माणसांची साखळी उभी होती, बायका, म्हातारे, होडीवरून धावत आलेले खलाशी. बादली या हातातून त्या हातात जात होती आणि शेवटचा माणूस ती लाकडी जिन्यावर ओतत होता. जिना ओला होता म्हणून अजून उभा होता. त्याच जिन्याने प्रेमाकाकीला खाली आणायचं होतं. साखळीच्या मधोमध अंजनाआत्या होती. एका खांद्याने कानाशी फोन दाबून धरलेला आणि दोन्ही हात बादल्यांत. फोनवर ती कंट्रोलशीच बोलत होती.

आता 'पोचलो' म्हटलं की कंट्रोल तिला सांगणार, बंब आला. ती ओरडून सगळ्यांना सांगणार. आणि हे सगळे हात थांबणार.

हेमांगीने माइक सीटवर टाकला आणि ती धावत सुटली.

"मॅडम! वेळ!" सर्वेश मागून ओरडला.

"खड्ड्यात गेली वेळ! तो पाइप उचला!"

सर्वेशने उचलला. पाण्याआधीचा होजपाइपसुद्धा काही हलका नसतो, आणि गड्याने आयुष्यात टॅबपेक्षा जड काही उचललं नसावं. तरी तो एका बुटावर लंगडत, शिव्या देत, कोपऱ्यावर अडकलेला पाइप सोडवत पळाला. साखळीतल्या बायका भिंतीला सरकल्या, पण बादल्या थांबल्या नाहीत. आत्याने हेमांगीला बाजूने जाताना पाहिलं आणि हातातली बादली पुढे दिली. विकीने नोझल जोडला, हेमांगीने हात वर केला, हातांच्या खुणा गल्लीतून चौकापर्यंत गेल्या, भीमराजने पंप सोडला. गल्लीत पडलेला चपटा पाइप टोकापासून टोकापर्यंत फुगत आला, आणि पाणी सुटलं!

काय आवाज झाला लोकांचा! पाण्याचा दणका जाळ्यांच्या खोलीत बसला, धूर काळ्याचा पांढरा झाला, आणि हेमांगी छातीवरच्या वॉकीटॉकीत इतक्या जोरात ओरडली की कंट्रोलमधल्या माणसाने नक्की कान चोळला असेल. "खाडी केंद्र, पोचलो!"

तेव्हा कुठे आत्याने बादली खाली ठेवली.

विकी ओल्या जिन्याने वर गेला आणि प्रेमाकाकीला पाठीवर घेऊन खाली आला. काकी खोकत होती आणि खोकता खोकता त्याला झापत होती, की गुडघा सांभाळ मेल्या, महाग पडलाय. दोघांच्या मागे जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या कोसळल्या. ते पाहून हेमांगी भिंतीला टेकून खालीच बसली. आनंदाने रडू येतं म्हणतात ते खोटं नाही, ती सगळ्यांसमोर ढसाढसा रडली आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

सर्वेश शेजारी येऊन बसला. डोक्यापासून पायापर्यंत चिंब, एक पाय अनवाणी.

"आकडा काय आला?" तिने नाक पुसत विचारलं. "खराबच असणार."

सर्वेशने स्टॉपवॉच दाखवलं. ते अजून चालूच होतं. "दाबायला विसरलो," तो म्हणाला. मग तो हसायलाच लागला. "कंट्रोलकडे लागलेली वेळ वाईट आहे, मॅडम. तक्त्यात तुम्ही आणखी खाली जाल."

"म्हणजे गाडी गेली."

"थांबा हो. मीटिंग सुरू व्हायला अवकाश आहे." तो उठला. "माझा दुसरा बूट कुठे आहे?"

बूट मिळाला नाही. अंजनाआत्याने त्याला नवऱ्याच्या रबरी चपला दिल्या, आणि त्याच घालून, ओल्या कपड्यांनी, धुराच्या वासासकट सर्वेश मुख्यालयातल्या थंडगार खोलीत गेला. तिथे काय झालं ते नंतर त्यानेच रंगवून सांगितलं. तक्ता त्याने पडद्यावर लावलाच नाही. त्याने साहेबांना एकच प्रश्न विचारला, तुमच्या घराला आग लागली तर तुम्ही चाक थांबायची वाट बघाल की पाणी सुटायची? मग बादल्यांची साखळी सांगितली, आणि वेळ पाणी सुटेपर्यंत मोजा म्हणाला. एक साहेब म्हणाले, अशाने सगळ्याच केंद्रांचे आकडे बिघडतील. सर्वेश म्हणाला, बिघडू देत, निदान ते आगीचे आकडे असतील.

आठ दिवसांनी पत्र आलं. खाडी केंद्राची गाडी जागच्या जागी राहील. आणि पुढच्या महिन्यापासून सगळ्या केंद्रांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या कळवाव्यात. चाक थांबलं की 'गाडी उभी', पाणी सुटलं की 'पोचलो'. परीक्षा दुसऱ्या शब्दावर होईल.

त्या महिन्याच्या पहिल्या दिवशी दुपारी अंजनाआत्या कोलंबीचं कालवण घेऊन केंद्रात आली. मंडळी जेवायला बसली होती. सर्वेशही मुलुंडहून खास आला होता, चपला परत करायचं निमित्त काढून. तेवढ्यात वायरलेस खरखरला. घाटकोपरकडच्या एका केंद्राचा कॉल होता, चाळीत आग. भीमराजने आवाज मोठा केला.

"कंट्रोल," एक अनोळखी आवाज धापा टाकत म्हणाला, "गाडी उभी."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. वायरलेस गप्प. कुणी घास गिळेना. विकीने तोंड उघडलं तर हेमांगीने बोट दाखवून त्याला गप्प केलं. पलीकडे कुठल्यातरी चाळीत कुणीतरी पाइप घेऊन पळत होतं, आणि इथे आठ माणसं त्याच्याबरोबर श्वास रोखून बसली होती. खरखर झाली, मागे लोकांचा गलका ऐकू आला.

"पोचलो! कंट्रोल, पोचलो!"

विकीने टेबलावर अशी थाप मारली की कालवण हिंदकळलं. सर्वेश उभा राहून टाळ्या वाजवू लागला. आत्या दारात उभी होती, तिला काहीच समजलं नव्हतं.

"कोन पोचला?" तिने विचारलं.

"घाटकोपरवाले, आत्या."

"पानी सुटला त्यांचा?"

"सुटलं."

"मंग पोचले," आत्या म्हणाली, आणि तिने सर्वेशच्या ताटात आणखी कोलंबी वाढली.