डावी बाजू दादाची

सलून दोघा भावांचं. थोरला डावखुरा, धाकटा उजव्या हाताचा. त्यामुळे मिशी कोरायची ती दोघांनी मिळून. उजवी बाजू धाकट्याची, डावी थोरल्याची. गिऱ्हाईक बिचारं मधे नाक मुठीत धरून बसायचं, पण असा थाट दुसऱ्या कुठल्या सलुनात नव्हता.

थोरला अचानक गेला. धाकटा रडला नाही. भेटायला आलेल्या माणसांनाही त्याने हसवून परत पाठवलं. लोक म्हणाले, काय धीराचा आहे! धीर कसला, धास्ती होती. एकदा रडू फुटलं की हात थरथरणार, आणि न्हाव्याचा हात थरथरला की दुकानाला कुलूप. म्हणून त्याने तोंडाची टकळी थांबू दिली नाही. मिशीवाल्यांना मात्र काहीबाही सबब सांगून तो वाटेला लावायचा.

म्हातारा शिंपी काही बधला नाही. "उद्या लेकीचं लग्न आहे," खुर्चीत ठाण मांडून तो म्हणाला. "हे झुडूप घेऊन मिरवू होय?"

धाकट्याने उजवी बाजू झकास कोरली. मग बोलता बोलता सवयीने मागे सरकला आणि म्हणाला, "हं दादा, तुझी बाजू."

आणि वाट बघत उभा राहिला.

शिंप्याने आरशातून पाहिलं. धाकट्याच्या घशातून आधी हसल्यासारखा आवाज आला. मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. दादा नव्हता, आणि आता कधीच येणार नव्हता.

गळ्यात कापड, अर्धी मिशी, अशा अवतारात शिंपी त्याच्याशेजारी फरशीवर बसला.

"तुम्ही जा काका," धाकटा हुंदके देत म्हणाला. "दुकान बुडालं आता."

"असा कुठे जाऊ? घरी व्याही येऊन बसलेत. तू रड सावकाश."

रडता रडता धाकट्याला हसू फुटलं. डोळे पुसून तो उठला आणि पहिल्यांदाच डाव्या बाजूला, दादाच्या जागी उभा राहिला. हात थरथरत होता, तरी कात्री चालली.

"चुकलंच," तो ओशाळून म्हणाला. "डावी जरा वर गेली."

"ती कायमच वर असायची. तुझ्या दादाचा हातच तसा. गल्लीतल्या सगळ्या मिश्या बघ, तशाच आहेत. तुम्हाला कोण सांगणार?"

धाकटा आरशातल्या त्या तिरक्या मिशीकडे बघत राहिला. मग त्याने कापड झटकलं आणि दारातून डोकं बाहेर काढून हाक मारली, "मिशीवाले कोण कोण आहेत? या."