विणाईखात्यातला आवाज

आमच्याकडे कुणी हळू बोलत नाही. माझे वडील मिलमध्ये विणकर, नवराही विणकर, त्यामुळे मोठ्या आवाजाचं मला कधी काही वाटलंच नाही. शेजारच्या शशिकलाबाई म्हणायच्या, शारदाताई, तुमच्याकडे पोहे मागितले तरी आम्हाला वाटतं भांडण लागलं. मी म्हणायची, वाटू दे, तुम्ही या पोहे खायला.

मग मिलच्या गेटाला कुलूप लागलं. भोंगा बंद झाला आणि त्याच महिन्यात गल्लीत केबलची वायर आली. हे घरी बसले. आधी ह्यांची पाळी आणि मंजिरीची शाळा, बाप-लेक भेटायचे ते रविवारी. आता दोन खोल्यांत दिवसभर समोरासमोर. हे नुसतं म्हणायचे, मंजिरी, पंखा बंद कर, तर वाटावं पंखा घाबरून आपणच बंद पडेल. ती मान खाली घालून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. ह्यांचे अर्धे कान मिलमध्येच राहिलेले. ऐकू यायचं नाही, म्हणून आणखी जोरात विचारायचे, काय? तिला वाटायचं, रागावले.

शेवटी तिनं बोलणंच सोडलं. बाबांना सांग, जेवण वाढलंय. तिला सांग, कोणीतरी आलंय दारात. मी काय टेलिफोन एक्सचेंज आहे? दोघांनाही मी चांगलं झापलं, पण दोघं एकाच मातीची, ढिम्म हलली नाहीत.

एक दिवस आमच्या बाईसाहेबांनी जाहीर केलं की दसऱ्यानंतर त्या पुण्याला कमलमावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स करणार. मावशीला परस्पर विचारूनही झालं होतं. कॉम्प्युटरचे क्लास तर इथे इंदूरलाही निघाले होते. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा रडायलाच लागली.

"मिल बंद झाली त्याचा राग बाबा माझ्यावर काढतात. मी समोर नसले तर त्यांना बरं वाटेल."

अगं, तो राग नाही, तो त्यांचा आवाज आहे, मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, तू त्यांचीच बाजू घेणार. सतरा वर्षांच्या मुलीला आईनं समजावणं म्हणजे बस! आणि मला तर दिसत होतं, ही असा समज घेऊन गेली तर परत येईल ती फक्त पाहुणी म्हणून.

त्यात गणपती आले. आमच्या इंदूरला अनंत चतुर्दशीला एकेक मिल आपली झांकी काढते. ट्रकवर हलणारे पुतळे, रोषणाई, पुढे ढोल, सगळं शहर रस्त्यावर. लोक म्हणायला लागले, मिल बंद, आता कसली झांकी? मजूर आमच्या इंदुरी बोलीत म्हणाले, मिल बंद झालीय भिया, आपण थोडीच बंद झालोय! वर्गणी झाली, परवानगी निघाली, मिलच्या आवारातल्या शेडमध्ये काम सुरू झालं. पुतळे हलवायचं काम ह्यांच्याकडे आलं. चिंतामणभियांशिवाय हे कुणाला जमणार, असं सगळेच म्हणाले, आणि मला ते ऐकायला फार आवडलं, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी डबा पोचवायला मी मंजिरीला ओढूनच नेलं. कुलूपबंद गेटाशेजारच्या छोट्या दारानं जन्मात पहिल्यांदा ती मिलच्या आत आली. शेडमध्ये जनरेटर धडधडत होता, कोपऱ्यात पोरं ढोल बडवत होती. माझं बोलणं मलाच ऐकू येईना. हे ट्रकवर चढलेले, खाली चार बाजूंना ह्यांचे सोबती. आणि कुणीही ओरडत नव्हतं. सगळं हातांनी चाललं होतं. ह्यांनी दोन बोटं फिरवली, तिकडे बाळकृष्णभियांनी पट्टा सैल केला. ह्यांनी हवेत बोटांनी गाठ मारली, म्हणजे तुटलेला धागा जोडला, चालू द्या. लगेच पुतळ्याचा हात वर गेला आणि सगळे हसले. हेही हसले.

मंजिरी बघतच राहिली. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की लूम चालू असले की विणाईखात्यात असंच बोलतात, आयुष्यभर ह्यांनी असंच बोलून काम केलं. आणि तोंडानं बोलायचं तर मग लूमच्या वरताण बोलावं लागतं.

तेवढ्यात ह्यांनी आम्हाला पाहिलं. तिच्याकडे बोट केलं, मग सोबत्यांकडे वळून एका तळहातावरून दुसरा तळहात सावकाश फिरवला. चौघांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि माना डोलावल्या.

"आई, काय म्हणाले बाबा माझ्याबद्दल?" ती माझ्या कानाशी येऊन ओरडली.

ही खूण मला लहानपणापासून ठाऊक होती. माझे वडील मला बघून हीच खूण करायचे.

"कापडाचं थान, म्हणजे अख्खा तागा, तपासताना करतात ती खूण," मी म्हटलं. "म्हणाले, ही माझी पोर. एकही डाग नाही."

तिनं डबा माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून उभी राहिली. मीच तो डबा ट्रकवर ह्यांच्या हाती दिला.

चतुर्दशीला दिवस मावळायच्या आत कुलपातलं ते मोठं गेट उघडलं आणि आमची झांकी बाहेर आली. ट्रकवर मधोमध हे, पांढऱ्या शर्टात. ढोलांनी कान फुटायची वेळ. मंजिरी गर्दीतून पुढे घुसली, ह्यांच्या नजरेला पडेपर्यंत थांबली, आणि तिनं हात वर करून हवेत गाठ मारली. माझा नवरा, ज्याच्या आवाजानं गल्ली हलते, त्यानं तीच गाठ वरून मारली, मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. बाजूच्या बाईनं विचारलं, कौन हैं ये? मंजिरी ताठ मानेनं म्हणाली, मेरे बाबा हैं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे जागरणानं तारवटलेल्या डोळ्यांनी उठले आणि नेहमीसारखे गरजले, पोहे आहेत का? मी उत्तर देणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी लेक त्यांच्याही वर आवाज चढवून बोलली.

"आहेत बाबा! आणि मी पुण्याला जात नाहीये!"

शशिकलाबाई धावत दारात आल्या, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, बाप-लेक बोलतायत.