दुसऱ्या चौकोनातले कागद

मी पुठ्ठा बोलतोय. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर लागा तुमच्या हजार कामांना. ती कामं खरीच आहेत का, याचा मात्र मला संशय आहे. बारा वर्षं मी माणसांच्या कामांच्या याद्या अंगावर वागवल्या. इतकं पाहिल्यावर कुणाचाही स्वभाव संशयी होईल.

माझं कूळ काही मोठं नाही. जुन्या वह्या, फाटकी खोकी, वाचून फेकलेली पाकिटं यांचा लगदा करून, दाबून, वाळवून मला केलं. लोकांनी टाकून दिलेल्यातूनच मी उभा राहिलो, आणि त्याची मला लाज नाही. मला वाकवायला जाल तर तुमचंच मनगट दुखेल.

मी आलो एका पुस्तकबांधणीच्या दुकानात. रस्त्याकडेची लांबट खोली, तिच्यात लोखंडी दाबयंत्र, कागद कापायचं यंत्र, खळीचं भांडं आणि चालायला जेमतेम वाट. दुकान दोघी बहिणींचं. थोरलीला सगळे ताई म्हणत. दुकान तिनंच काढलेलं. शाळेचं तोंड न पाहता, लोकांची पुस्तकं शिवता शिवता ती वाचायला शिकली आणि चाळिशी उलटल्यावर लिहायला. पुढे तिची नजर अधू झाली, ती घरी बसली आणि दुकान धाकटीकडे आलं.

माझ्याबरोबरचे पुठ्ठे पुस्तकांना लागून कपाटांत गेले. माझा एक कोपरा दबलेला निघाला, म्हणून धाकटीनं मला भोक पाडून खिळ्याला टांगलं आणि माझ्यावर पेन्सिलीनं दिवसाची कामं लिहायला लागली.

पहिली चोरी मी पहिल्याच आठवड्यात पकडली. धाकटी आधी खळ शिजवायची, मग माझ्यावर ‘खळ शिजवणे’ असं लिहायची आणि लगेच त्यावर रेघ मारायची! एकदा तर तिनं ‘दुकान उघडणे’ लिहून खोडलं. अगं बाई, दुकान उघडल्याशिवाय आत आलीस कशी? पण संध्याकाळी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, “आज अकरा कामं उरकली.” तिच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून मला जास्तच संशय यायचा. ही कामं करते आहे की रेघा मारते आहे?

कारण बाराव्या वर्षी एक ओळ अशी आली की तिच्यावर कधी रेघ पडत नव्हती. ‘ताईचे कागद.’

लिहायला आल्यापासून ताईनं पाठकोऱ्या कागदांवर आपलं आयुष्य लिहून ठेवलं होतं. धंद्यातल्या खुब्या, माणसांचे नमुने, कुणी फसवलं, कुणी हात दिला, सगळं. दोनशे चाळीस सुटे कागद, एका फडक्यात बांधून कापायच्या यंत्राखाली ठेवलेले. डॉक्टरांनी ताईला स्पष्ट सांगितलं होतं, नजर वर्षभर टिकली तर टिकली. तेव्हा तिनं ते गाठोडं धाकटीच्या हातात दिलं. “मला याचं पुस्तक करून दे. आयुष्यभर दुसऱ्यांची बांधली. दिसतंय तोवर माझं मला एकदा सलग वाचू दे.”

ताई दर शनिवारी यायची. “झालं का गं?”

“या आठवड्यात नक्की, ताई. त्या वकिलाच्या फायलींनी जीव खाल्लाय बघ.”

“असू दे, असू दे. घाई नाही.”

त्या ‘घाई नाही’वर माझा काडीचा विश्वास नव्हता. ज्याला खरंच घाई नसते तो विचारत नाही.

आणि तो वकील! दुकानाची पायरी चढायच्या आधीच रस्त्यातून ओरडायचा, “बाई, उद्या तारीख आहे!” त्याची तारीख कायम उद्याच असायची. बांधून दिलेल्या फायली मग पंधरा पंधरा दिवस आमच्याच फळीवर धूळ खायच्या. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध देत नाही म्हणतात. आमच्या दुकानात जो मोठ्यानं रडेल त्याचं काम आधी.

धाकटीची मुलगी एका कचेरीत नोकरीला. शनिवारी तिला अर्धा दिवस सुट्टी, तेव्हा ती दुकानात यायची. कचेरीनं तिला वेळेच्या नियोजनाच्या शिबिराला पाठवलं होतं. तिथून आली ती थेट माझ्यावर चालून. खोडरबरानं मला लख्ख पुसलं आणि पट्टी घेऊन चार चौकोन आखले.

“आई, ध्येय ठरव आणि मग कामं वाट. पहिल्यात तातडीचं आणि महत्त्वाचं. दुसऱ्यात महत्त्वाचं, पण तातडीचं नाही. तिसऱ्यात तातडीचं, पण महत्त्वाचं नाही. चौथ्यात दोन्ही नाही.”

“आणि मी कुठल्या चौकोनात बसू? पाठ टेकायला जागा ठेवलीस का एखादी?”

“थट्टा नको. वकिलाच्या फायली कुठे?”

“पहिल्यात. नाहीतर तो मलाच कोर्टात उभी करील.”

“आणि मावशीचे कागद?”

“महत्त्वाचे आहेत. पण ताई काय, घरचीच आहे.”

“म्हणजे दुसऱ्यात. या दुसऱ्या चौकोनाला रोज थोडा वेळ द्यायचा, हेच तर त्यातलं खरं मर्म आहे!”

मुलगी शिकवत होती ते खोटं नव्हतं, एवढं मी कबूल करतो. पण माझा संशय माणसांवर होता. पहिला आणि तिसरा चौकोन रोज भरे, रोज रिकामा होई. चौथ्यातली कामं तर धाकटी चोरून, मिटक्या मारत करायची. दोऱ्याची रिळं रंगानुसार लावणं, कपाटावरची झाडझूड. दुसऱ्या चौकोनात एकच ओळ, आणि तिच्यावर रेघ काही पडेना. उलट, पेन्सिल पुसट झाली की धाकटी ती पुन्हा ठळक गिरवायची. गिरवलं की जणू तेवढं काम झालंच!

गाठोडं आल्यापासून असे सात महिने गेले.

मग एका शनिवारी धाकटी फायली द्यायला वकिलाकडे गेली होती. ताई आली. मुलगी आत होती. ताई माझ्यासमोर उभी राहिली, पण तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं, शेजारच्या रिकाम्या भिंतीकडे होतं. मला तेव्हाच शंका आली.

“माझं नाव कुठे लिहिलंय गं? बोट लाव माझं तिथे.”

मुलीनं तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.

“खोडरबर दे.”

“मावशी, कशाला?”

“दे म्हटलं ना. रोज समोर बघून जीव टांगणीला लागत असेल धाकटीचा. तेवढं तरी कमी होईल.”

ताईनं ती ओळ पुसली. नीट दिसत नव्हतं म्हणून चौकोनाच्या रेघेसकट पुसली.

धाकटी परत आली तशी तिनं सवयीनं माझ्याकडे बघितलं. दुसरा चौकोन रिकामा.

“हे कुणी खोडलं? तू?”

“मावशीनं.”

“तिला सापडलं कसं एवढ्यातून?”

“नाही सापडलं,” मुलगी म्हणाली. “मी बोट धरून दाखवलं. आई, तिला दिसत नाहीये.”

कोपऱ्यातल्या स्टुलावर ताई बसलेली होती. “अगं, अगदीच नाही असं नाही,” ती म्हणाली. “मोठं असलं की दिसतं.”

धाकटीनं दुकानाचं दार लोटून आतून कडी घातली. गाठोडं सोडलं. कागद ठोकून सारखे केले, कडेनं भोकं पाडली आणि शिवायला बसली. बाहेर वकिलानं कडी वाजवली. “बाई, एक फाईल राहिली! उद्या तारीख आहे!”

“असू दे तारीख!” आतून आवाज गेला. “मेल्या, बारा वर्षं तुझी उद्याच आहे!”

शिलाई झाली. वेष्टनाला पुठ्ठा बघितला तर एकही शिल्लक नाही. सगळे वकिलाच्या फायलींना गेलेले. धाकटीनं इकडे तिकडे पाहिलं आणि मला खिळ्यावरून काढलं. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? यंत्राचं पातं खाली आलं. माझे दोन तुकडे पुस्तकाच्या मापाचे झाले. दबलेला कोपरा, खिळ्याचं भोक आणि तिसरा, चौथा चौकोन कचऱ्यात गेले. मला खळ लागली, वरून निळं कापड चढलं, आणि दोन दिवस दाबयंत्रात माझा श्वास कोंडला.

आता मी ताईच्या मांडीवर असतो. ती भिंग घेऊन वाचते. सुरुवातीचे कागद ती लिहायला शिकत होती तेव्हाचे, त्यांतली अक्षरं बोराएवढी आहेत. ती तिला दिसतात. पुढे हात बसला, अक्षर बारीक झालं. एकतिसाव्या पानाच्या पुढे तिला काही दिसत नाही. तिथून धाकटी वाचून दाखवते, रोज दुपारी, दुकान तासभर बंद ठेवून. मध्येच ताई म्हणते, “हे मी लिहिलंय? चांगलं लिहिलंय की!” आणि धाकटी नाक ओढते. सात महिन्यांपूर्वी बांधलं असतं तर ताईनं किती पानं स्वतः वाचली असती, हा हिशोब दोघी करत नाहीत. मी करतो.

परवा कानावर आलं की दुकानात नवा पुठ्ठा टांगलाय. चांगला मोठा, कोपरे शाबूत असलेला. त्याच्यावरही चौकोन असतील. दुसऱ्यात कुणाचं नाव आहे, ते मला इथून दिसत नाही.

तुमच्याही भिंतीवर, वहीत, फोनमध्ये एखादी यादी असेलच. जरा माझ्या नजरेनं तिच्याकडे बघा. जो दारात येऊन ओरडतो त्याची काळजी करू नका, तो आपलं काम करून घेईल. ‘घाई नाही’ कोण म्हणतंय, ते शोधा. आणि सापडलं तर नाव गिरवत बसू नका.

पुरे आता. धाकटी आली, मला उघडते आहे. आज एकशे चौथं पान.