तार तुटल्यानंतरचं हसणं

"तिचा हात ग्रामोफोनच्या सुईला लागू देऊ नकोस," बाबा म्हणाले. लेकीला मी कडेवर घट्ट धरलंच होतं. दिसेल ते ओढायचं तिचं वय.

"अगं, ओढू दे की! तबकड्या पाहिजे तेवढ्या आहेत आता," काका सोफ्यावर ऐसपैस बसून हसले. काका म्हणजे बाबांच्या बँडमधले गिटारवाले. नव्या तबकड्यांचं खोकं त्यांनीच आणलं होतं.

बाबांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. त्याआधी, विशीत, ते एका गॅरेजमध्ये ड्रम वाजवायचे. बँडची एकच तबकडी निघाली, कोणी घेतली नाही, आणि सगळे नोकऱ्यांना लागले. आता म्हणे जुन्या बँडच्या अशा तबकड्यांसाठी लोक वेडे झालेत. मूळ टेप कधीच हरवलेली. उरलेली एकच प्रत आमच्याकडे.

बाबा ती वर्षातून एकदा, आईच्या वाढदिवशी लावायचे. सुईने खाच झिजते म्हणून एकदाच. गाणं संपता संपता काकांची तार तुटते, आणि गॅरेजच्या दारात उभी असलेली आई खळखळून हसते. मला कळू लागायच्या आत ती गेली. तिचा आवाज म्हणून आमच्याकडे एवढंच. यंदा मी ते फोनवर उतरवून घेणार होते, पण काका त्याआधीच तबकडी एका कंपनीकडून नव्याने छापून घ्यायला घेऊन गेले. "वहिनीच्या हसण्याला धक्का लागणार नाही, माझी जबाबदारी," असं दारात म्हणाले होते.

बाबांनी सुई टेकवली. गाणं लख्ख वाजलं, खरखर नाही की काही नाही. शेवटचा ठोका पडला. मी लेकीच्या कानाशी म्हणाले, "ऐक हं, आजी."

काहीच आलं नाही.

"काका, आई कुठंय?"

"ते होय? काढायला सांगितलं मी. अगं, तार तुटल्याची फजिती जगाने कशाला ऐकायची? वहिनी मलाच हसत होती ना!"

"आणि आमची प्रत?"

काकांनी कपातला चहा संपवला. "ती कंपनीवाल्याने ठेवली. त्याच बोलीवर तर छापली त्याने. इतक्या नव्या दिल्या की!"

माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. मी बाबांकडे पाहिलं.

"छान वाजलंय रे," बाबा म्हणाले. काकांना ते दारापर्यंत सोडून आले.

मग त्यांनी तबकडी पुन्हा लावली. उजवा पाय जुन्या सवयीने ठेका धरत होता. शेवटच्या ठोक्याला पाय थांबला. सुई कोऱ्या खाचेत फिरत राहिली. हसण्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा जाऊ दिला, आणि मगच बाबांनी ती उचलली.